मुलांना निर्णय शिकवायचा तो कोणता?

ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची शाळकरी मुले दप्तरे घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेच्या दारात आली. भाम धरणाने विस्थापित केलेल्या आदिवासींची ही वस्ती. तेथील शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे पाठविण्याचे प्रशासनाने ठरविले होते आणि त्याविरुद्ध मुलांची घोषणा होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या.' वर्तमानपत्रांनी त्या घोषणेतील चटका अचूक टिपला, चार दिवस हळहळ व्यक्त झाली, प्रशासनालाही त्या निर्णयाकडे पुन्हा वळून पाहावे लागले. परंतु त्या चार शब्दांत जो हिशेब आहे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शाळा लांब गेली की जाण्यायेण्यात दिवस मोडतो. दिवस मोडणारच असेल तर तो बकऱ्यांमागे मोडलेला बरा, त्यात निदान घराला दोन पैसे मिळतात. शिक्षणाची किंमत केवळ फीमध्ये नसते, ती मुलाच्या गेलेल्या वेळेतही असते, हे अर्थशास्त्राच्या पदवी वर्गात पुष्कळ खटपट करून समजवावे लागते. दरेवाडीच्या मुलांनी ते रस्त्यावर चार शब्दांत मांडले. घोषणा मोठ्यांनी सुचविली असेल असे म्हणणारेही निघतील. सुचविली असेल, परंतु तिच्यातला हिशेब ज्यांना रोज भोगावा लागतो त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या प्रसंगाची आठवण आज काढावयाचे कारण असे की, लहान मुलांना 'निर्णयक्षमता' शिकवावी असा आग्रह सध्या सर्व बाजूंनी धरला जात आहे. नव्वदीच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जीवनकौशल्यांची जी यादी प्रसृत केली तीत निर्णय घेणे हे एक कौशल्य होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चिकित्सक विचार आणि समस्या सोडविणे यांवर भर दिला. महाराष्ट्राचा नवा राज्य अभ्यासक्रम आराखडा २०२४ मध्ये आला आणि २०२५ च्या जूनपासून पहिलीच्या वर्गापासून नवी पुस्तके येऊ लागली आहेत. म्हणजे तिसरी, चौथी, पाचवीच्या परिसर अभ्यासाचे रूप ठरण्याचा हा काळ आहे. या वेळी निर्णयक्षमता म्हणजे काय आणि ती कोणासाठी, हा प्रश्न विचारला नाही तर त्याचे उत्तर बाजार देईल. किंबहुना तो ते देऊ लागलाच आहे. गंगापूर रोडवर आणि कॉलेज रोडवर हिंडणाऱ्याला भारी फीच्या शाळांचे जे फलक दिसतात त्यांत नेतृत्व, आत्मविश्वास, निर्णयक्षमता हे शब्द पोहण्याच्या तलावाच्या आणि रोबोटच्या शेजारी बसविलेले असतात. त्या फलकांवरील निर्णय एकट्याचा असतो. मूल पर्याय मांडते, तोलते, निवडते आणि पुढे जाते. मागे कोण राहिले हा प्रश्न त्या कौशल्यात बसत नाही.

खरे पाहता निर्णय घेण्याची सवय नसलेले मूल शोधावयाचे झाले तर ते बहुधा खात्यापित्या घरातच सापडेल. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. तेव्हा नऊदहा वर्षांच्या मुलीपुढे धाकट्या भावाला घेऊन बागेत राहावे, की आजीजवळ गावी थांबून शाळा चालू ठेवावी, असा प्रश्न असतो. तो निर्णय तिचा नसतो असे म्हणता येईल. परंतु सकाळी पाणी आधी की चूल आधी, भाऊ रडू लागला तर हजेरी की भाऊ, हे निर्णय तिचेच असतात. तिच्या या शहाणपणाला शाळेत जागा नाही. शाळेत तिला विचारले जाते, 'सरपंचाची तीन कामे लिहा.'

हाच आपल्या नागरिकशास्त्राचा जुना विकार आहे. त्यात निर्णयांची फळे शिकविली जातात, निर्णय शिकविला जात नाही. ग्रामपंचायतीची कामे, नगरपालिकेचे उत्पन्नाचे मार्ग, चांगल्या नागरिकाची कर्तव्ये, सार्वजनिक मालमत्तेची काळजी, असे सारे उत्तरपत्रिकेत क्रमाने उतरविता येते. ग्रामपंचायत दिवाबत्तीची सोय करते हे मुलाला पाठ असते. परंतु दिव्याचे खांब दहाच घेता येतात आणि मागणी तीस ठिकाणी आहे, तेव्हा पहिला खांब पाटलाच्या वाड्यापुढे लागतो की वस्तीच्या वाटेवर, ही गोष्ट पुस्तकात येत नाही. पंचायत म्हणजे नेमके तेवढेच असते, बाकीचे सारे दप्तर. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात शेतकऱ्यांच्या मुलांना हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य असे व्यवहाराशी जोडलेले शिक्षण मिळावे अशी मागणी होती. त्यानंतर १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम आली आणि आश्रमशाळेचा कारभार मुलांच्या सभेने चालविण्याचा प्रयोग सेवाग्रामात झाला. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे परक्या देशातून यावयाची होती असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्या जॉन ड्यूईंच्या व्याख्यानांना बसले, त्यांचे लोकशाही आणि शिक्षणाविषयीचे पुस्तक १९१६ चे. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे हा त्या पुस्तकातील विचार बाबासाहेबांनी पुढे जन्मभर आपल्या पद्धतीने मांडला. एवढा वारसा असताना आपल्या प्राथमिक वर्गात लोकशाही ही 'रिकाम्या जागा भरा' या सदराखाली का शिकविली जाते, याचे उत्तर पाठ्यपुस्तक मंडळापेक्षा आपल्या समाजाने द्यावयाचे आहे. मुलाने उत्तर द्यावे असे सर्वांना वाटते, मुलाने प्रश्न विचारावा असे फार थोड्यांना वाटते.

निर्णय म्हणजे काय याची अर्थशास्त्राने दिलेली व्याख्या कोरडी असली तरी उपयोगाची आहे. साधने अपुरी असतात, गरजा अनेक असतात, म्हणून एक घेताना दुसरे सोडावे लागते. जे सोडले ती घेतलेल्या गोष्टीची खरी किंमत. येथपर्यंत पाठ्यपुस्तक जाते. त्यापुढचा प्रश्न मात्र बहुतेक पुस्तके टाळतात. घेतले एकाने आणि सोडावे लागले दुसऱ्याला, असे झाले तर? समाजातील बहुतेक महत्त्वाचे निर्णय या जातीचे असतात. धरण एकाच्या शेतात पाणी आणते आणि दुसऱ्याचे शेत पाण्याखाली घालते. बाजारात एकट्याने करावयाची निवड आणि समाजाने मिळून करावयाचा निर्णय यांतील भेद येथे आहे, आणि म्हणूनच निर्णय शिकविण्याची योग्य जागा 'व्यक्तिमत्त्व विकासा'चा तास नसून समाजशिक्षणाचा तास आहे.

नाशिकच्या शिक्षकाला यासाठी साहित्य शोधीत दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रात तिसरीच्या मुलाला प्रथम आपला जिल्हा शिकविण्याची प्रथा जुनी आहे आणि बालभारतीने त्यासाठी जिल्हावार पुस्तकेही काढली. त्या पुस्तकात गंगापूर धरण असते. १९६५ मध्ये पूर्ण झालेले, मातीचे, गोदावरीवरचे, एवढे वाक्य मूल घोकते. आता हेच धरण निर्णयाच्या अंगाने पाहावे. त्याची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. त्यातून नाशिक शहर पिते, सातपूर आणि अंबडचे कारखाने चालतात, खालच्या शेतीला आवर्तने सुटतात आणि खाली पैठणला मराठवाड्याचे जायकवाडी वाट पाहत असते. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्या प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरविले की, ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावे. त्यानंतर २०१५ सारख्या टंचाईच्या वर्षी पाणी सोडण्याची वेळ आली तेव्हा नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा सामना उभा राहिला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. नाशिकमध्ये त्या वेळी सर्वपक्षीय एकमत झाले होते. सर्व पक्षांचे एकमत झाले की समजावे, ज्याचे नुकसान व्हावयाचे आहे तो त्या खोलीत नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला यातले काय समजेल? दशलक्ष घनफूट समजणार नाही, प्राधिकरण समजणार नाही. परंतु मैदानावरून खेळून आलेल्या चाळीस मुलांपुढे बाईंनी वीसच पेले पाण्याचा हंडा ठेवला आणि 'वाटा तुम्हीच' असे म्हटले, तर त्या अर्ध्या तासात जे घडेल ते सारे त्याला समजेल. कोणी म्हणेल, प्रत्येकाला अर्धा पेला. कोणी म्हणेल, जे जास्त धावले त्यांना पूर्ण. कोणी म्हणेल, लहानांना आधी. एखादा म्हणेल, हंडा मी भरून आणला, मला दोन. ज्याच्या दप्तरात पाण्याची बाटली आहे तो गप्प राहील आणि ते कोणाच्या तरी लक्षात येईल. समान वाटप, कष्टानुसार वाटप, गरजेनुसार वाटप, मालकी हक्क आणि लपविलेली संपत्ती, अशी अर्थविचारातील सारी घराणी एका हंड्याभोवती गोळा होतील. वाटप ठरल्यावर बाईंनी एवढेच विचारावे, 'शेजारच्या वर्गातली मुलेही खेळून आली आहेत. त्यांना विचारले का?' पैठण नकाशावर कोठे आहे हे दाखविण्याची वेळ त्यानंतरची.

निफाड तालुक्यातील शाळेत हाच तास कांद्यावर घेता येईल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत खुली झाली. लासलगावच्या बाजारात ज्याचा ट्रॅक्टर उभा होता त्याच्या घरी त्या बंदीने काय झाले हे त्या घरचे मूल जाणते. सातपूरच्या कामगार वसाहतीतील मूल दुसरी गोष्ट जाणते, की कांदा महागला म्हणजे आईच्या भाजीतून तो नाहीसा होतो. दोन्ही मुले खरे बोलतात. दोन शाळांनी एकमेकींना पत्रे लिहिली, निफाडच्या मुलांनी आपल्या घरचा खर्च मांडला आणि सातपूरच्या मुलांनी आपल्या घरचा बाजार, तर दोघांपैकी एकालाही खोटे न पाडता मधला पैसा कोठे जातो या प्रश्नापर्यंत दहा वर्षांची मुले पोहोचतील. मोठ्यांच्या कित्येक चर्चासत्रांना तेथवर जाता येत नाही.

इतिहासाचीही तीच गोष्ट. चौथीत महाराष्ट्रातील प्रत्येक मूल शिवाजी महाराजांचे चरित्र वाचते आणि त्याला ते मनापासून आवडते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले, हे आकडे त्याला पाठ असतात. शिक्षकाने तेथे क्षणभर थांबावे आणि तहाआधीची रात्र मुलांच्या हाती द्यावी. वेढा आवळला आहे, माणसे पडत आहेत, मिर्झाराजे बोलणी करावयास तयार आहेत. लढत राहावे काय? किती किल्ले द्यावेत? कोणते राखावेत? ज्याने ही रात्र एकदा अनुभवली त्याला माघार आणि पराभव यांतील फरक सांगावा लागणार नाही, आणि शौर्य म्हणजे केवळ तलवार असेही त्याला पुन्हा वाटणार नाही.

पंचवटीतील शाळांतून काळाराम मंदिर चालण्याच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० ला तेथे सत्याग्रह सुरू झाला, हे वाक्य परीक्षेत येते. परंतु ते आंदोलन ही निर्णयांची एक लांब साखळी होती. दार बंद आहे. बळाने उघडावे, की दारापुढे बसावे? त्या वर्षीच्या रामनवमीच्या रथाला हात लावू दिला नाही, दगड आले, डोकी फुटली. तरी दगडाला दगडाने उत्तर द्यावयाचे नाही हे कसे ठरले आणि ते पाळण्यासाठी भाऊराव गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांना, गावोगावहून आलेल्या स्त्रीपुरुषांना काय सोसावे लागले? आणि इतकी वर्षे चालविलेला लढा थांबवून, ज्या देवळाचे दार उघडत नाही त्या देवळाकडेच पाठ फिरवावी, हा त्याहून कठीण निर्णय कसा झाला? १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मत्यागाचा निर्धार जाहीर केला. येवले याच जिल्ह्यात आहे. म्हणजे नाशिकच्या मुलाला एका दिवसाच्या सहलीत त्या साखळीची दोन्ही टोके पायांनी गाठता येतात. अशा सहली का निघत नाहीत, याचे कारण बसभाड्यात शोधण्यात अर्थ नाही.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला वयाचा. इतक्या लहान वयात मुलांना नियम पाळावयास शिकवावे, नियम करावयास नव्हे, असे पुष्कळ सद्भावनेच्या पालकांनाही वाटते. जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक विचारावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा पाया त्याने गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून घातला होता. अगदी लहान मुलाला नियम आकाशातून आल्यासारखा पवित्र वाटतो, आणि तरीही ते तो सर्रास मोडते. नऊदहा वर्षांच्या पुढचे मूल नियम हा आपसांतला ठराव मानते, तो सर्वांच्या संमतीने बदलते आणि म्हणून पाळतेही. आपल्या गल्लीतील गोट्यांचा, विटीदांडूचा किंवा क्रिकेटचा डाव पाहिला तरी हे दिसते. भिंतीपलीकडे चेंडू गेला तर आउट, हा कायदा कोणत्या पुस्तकात आहे? ज्याच्या घराची काच फुटावयाची असते त्याच्या सोयीने तो मुलांनीच केलेला असतो. तेव्हा हे वय फार लहान आहे असे नव्हे. हेच ते वय आहे, आणि नेमके याच वयात शाळा त्याला नियमांचा तक्ता देऊन भिंतीकडे तोंड करून बसविते.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. पाण्याचा, कांद्याचा, मंदिराचा प्रश्न वर्गात आणला की शिक्षक आपली मते मुलांच्या गळी उतरवील, ही भीती खोटी नाही. सत्ताधाऱ्यांकडून हे होतेच, त्याची उदाहरणे वाचकांना सांगण्याची गरज नाही. परंतु समाजवादी चळवळीनेही येथे स्वतःकडे पाहिले पाहिजे. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने महाराष्ट्रातील मुलामुलींना एकत्र खेळविले, जात विसरावयास लावले, श्रमाला प्रतिष्ठा दिली. हे ऋण मोठे आहे. पण पुरोगामी घरांत आणि शिबिरांत कित्येकदा मुलाला निष्कर्ष आधी दिला गेला आणि प्रश्न नंतर. योग्य बाजूची घोषणा पाठ असलेले मूल आणि अयोग्य बाजूची घोषणा पाठ असलेले मूल यांत निर्णयक्षमतेच्या दृष्टीने फारसे अंतर नसते. वारा फिरला की घोषणाही फिरते, हे गेल्या तीस वर्षांत अनेक जुन्या निष्ठावान घरांतून पाहावयास मिळाले आहे.

तपोवनाचेच उदाहरण घ्यावे. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारण्याकरिता तेथील शेकडो झाडे तोडण्याचा महापालिकेचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरात पुढे आला, तेव्हा नाशिककर मोठ्या संख्येने झाडांच्या बाजूने उभे राहिले आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढे गेले. झाडे वाचली पाहिजेत याविषयी या पानाच्या वाचकांत बहुधा दुमत नसेल. तरीही वर्गात आल्यावर शिक्षकाने 'झाडे वाचवा'चे फलक रंगविण्यास सांगणे म्हणजे हातचा धडा घालविणे होय. त्याने मुलांना तपोवनात न्यावे, झाडे मोजू द्यावीत, कोणती जुनी आणि कोणती अलीकडची ते पाहू द्यावे. मेळ्याला येणारे लाखो लोक कोठे राहतील, त्यांची शौचाची सोय कोठे होईल, ती घाण कोण उचलील, यांची उत्तरे शोधू द्यावीत. मेळ्यासाठी बाहेरगावाहून आणल्या जाणाऱ्या सफाई कामगारांचे तंबू आराखड्यात कोठे आहेत हा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला, तर आंदोलक आणि अधिकारी या दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट त्या वर्गाने पकडली असे होईल. मुलांचे मत शिक्षकाच्या मताहून वेगळे पडले तर पडू द्यावे. त्याने आपले मत लपवावे असे नाही. ते शेवटी सांगावे, आणि त्याला गुण नाहीत हेही सांगावे.

आता सर्वांत नाजूक भाग. ज्या निर्णयाने काहीही बदलत नाही तो निर्णय नव्हे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांतून शालेय मंत्रिमंडळ असते. निवडणूक होते, बोटाला शाई लागते, छायाचित्र केंद्रप्रमुखांच्या गटावर जाते. मग पाणीमंत्री रांजण भरतो, स्वच्छतामंत्री अंगण झाडतो, आणि सारे निर्णय मुख्याध्यापक घेतात. मुलांना लोकशाहीचा जो पाठ यातून मिळतो तो दुर्दैवाने वास्तवाच्या फार जवळचा आहे: मत द्यावे, पद मिळवावे आणि वरून सांगितलेले काम करावे. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आली, तीत तीन चतुर्थांश जागा पालकांना मिळाल्या. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संहितेला भारताने १९९२ मध्ये संमती दिली, तिचे बारावे कलम सांगते की मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत विचारात घेतले पाहिजे. कागद पुष्कळ झाले. हातात मात्र काहीच नाही.

म्हणून एक साधी, खर्चाची नसलेली सूचना करावीशी वाटते. समग्र शिक्षा योजनेतून प्रत्येक सरकारी शाळेला पटानुसार वार्षिक संयुक्त अनुदान मिळावयाचे असते. योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,००० अशी त्याची पायरी आहे. या रकमेचा दहावा भाग कसा खर्चावयाचा हे तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या सभेने ठरवावे. साठ मुलांच्या शाळेत ही रक्कम २,५०० रुपये होते. अडीच हजारांत चेंडू आणि जाळे येईल, किंवा गोष्टींची पुस्तके येतील, किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आणि गळकी तोटी दुरुस्त होईल; सगळे येणार नाही. येथे मुले दर विचारतील, दुकानदाराची पावती वाचतील, भांडतील. बहुमताने चेंडू आला आणि कडी राहिली तर पुढच्या सभेत मुलींनी उभे राहून ते सांगावे. बहुमत झाले म्हणजे न्याय झालाच असे नाही, हे ज्ञान घटनेच्या अभ्यासकांनाही उशिरा होते. येथे ते एका कडीपाशी होईल. चेंडू आणण्याचा निर्णय चुकला असे वर्षअखेरीस मुलांनाच वाटले तर त्या २,५०० रुपयांइतका उपयोगी लागलेला सरकारी पैसा दुसरा दाखविता येणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने परिसरातील प्रश्नांवरून शिकण्याची रीत घालून दिली. नाशिकमध्येच आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा प्रयोगशील शिक्षणाचा आग्रह धरून उभी आहे. परंतु प्रयोगशील शाळा हा मुलांच्या एका लहान गटाचा भाग्ययोग असतो. सार्वजनिक शाळेतील मुलाचा तो हक्क व्हावयाचा तर तेथील शिक्षकाला उसंत आणि मोकळीक दोन्ही हवीत. आज त्याच्याकडे मतदार याद्या आहेत, सर्वेक्षणे आहेत, भ्रमणध्वनीवर दिवसभर उतरणारी माहितीपत्रके आहेत. आदिवासी तालुक्यांत दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग आहेत. शिवाय स्वतः शिक्षकाला तरी निर्णय घेण्याची मुभा कोठे आहे? पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा शासननिर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, जूनमध्ये त्याची भाषा बदलली, आणि २९ जूनला, शाळा सुरू झाल्यानंतर, तो मागे घेण्यात आला. भाषा कोणती असावी हा वाद बाजूला ठेवला तरी, लाखो मुलांविषयीचा एक निर्णय दहा आठवड्यांत होतो, बदलतो आणि मोडतो, आणि त्यात वर्गात उभ्या असणाऱ्या शिक्षकाला एकदाही विचारले जात नाही, ही गोष्ट उरतेच. आहारातील अंड्याचेही तसेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते आठवड्यातून एकदा ताटात आले, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला. ज्यांच्या ताटातून ते गेले त्यांची सभा कोणी बोलावली नाही.

नाशिक जिल्हा परिषदेने पुढील जूनपासून इगतपुरी, पेठ आणि सुरगाणा या तीन तालुक्यांत अनुदानाच्या दहाव्या भागाचा प्रयोग करून पाहावा. त्यासाठी नव्या निधीची आवश्यकता नाही, बाहेरच्या कंपनीच्या प्रशिक्षणाची तर मुळीच नाही. एक अट मात्र घालावी लागेल. मुलांच्या सभेचा ठराव मुख्याध्यापकाने किंवा गटशिक्षणाधिकाऱ्याने फेटाळला, तर त्याचे कारण त्याने मुलांपुढे उभे राहून, त्यांना समजेल अशा मराठीत सांगावे आणि ते सभेच्या वहीत लिहून खाली सही करावी.